डिझायरची डिकी, दोन बारा इंची वूफर आणि ग्राइंडर

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची पेट्रोल मारुती डिझायर. दोन बारा इंची वूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, घेतलेत आणि त्यांच्यासाठी तयार पोर्टेड (हवा ये-जा करायला तोंड, म्हणजे पोर्ट, ठेवलेला) बॉक्सही आणलाय, बाहेरून ९० बाय ४० बाय ३८ सेंटिमीटर. तो डिकीच्या तोंडातून आत जाईना. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरनं सुचवलं की तोंडाची कड चार बोटं कापू, मागच्या सीटच्या पाठीमागची आडवी पट्टी काढू म्हणजे बेस मोकळा आत येईल, आणि स्टेपनी घरी ठेवा. हे करावं का? आणि करायचं नसेल तर दुसरा मार्ग काय?

करू नका. पत्र्याला ग्राइंडर लावायची काही गरज नाही. कापायचं ते लाकूड कापा. दोन बारा इंची तुमच्या डिकीत बसतात, फक्त एका अखंड पेटीत बसत नाहीत.

आधी त्या कडेचं बोलू. डिकीच्या तोंडाभोवती जी उभी कड दिसते आणि जिच्यावर रबराची बीडिंग बसते, तिथं आतला आणि बाहेरचा पत्रा स्पॉट वेल्डिंगनं एकत्र आणलेला असतो. ती कड कापली की जोड उघडा पडतो. परत वेल्ड मारला तरी कंपनीनं दिलेला गंजरोधक थर जळून जातो. बीडिंग नीट बसत नाही, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात पाणी तिथून थेट आत. पाण्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे धूर. सायलेन्सरचं तोंड डिकीच्या खालीच असतं. बीडिंगला फट राहिली की एक्झॉस्टचा वायू डिकीत खेचला जातो आणि तिथून केबिनमध्ये. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतील तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

सीटमागच्या पट्टीचं तर त्याहून गंभीर. तुमच्या डिझायरची मागची सीट फोल्ड होत नाही. तिच्या मागचा पत्रा, आडव्या पट्ट्या आणि वरच्या पार्सल ट्रेखालचा (मागच्या काचेखालच्या फळीखालचा) पत्रा मिळून गाडीच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात. त्यातली एक पट्टी काढली की गाडी लगेच मोडत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. मग करूळ घाटाच्या वळणांवर मागून करकर ऐकू यायला लागते. तीच पट्टी जोरात धडक बसल्यावर डिकीतलं सामान माणसांच्या पाठीत घुसू देत नाही. आता हिशोब करा. १८ मिलिमीटर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) तुमच्या मापाची पेटी पोर्ट आणि आतल्या आधारांसह तीसेक किलोची होते. दोन वूफर अठरा-वीस किलो. ॲम्प (ॲम्प्लिफायर) धरून पन्नास किलोच्या पुढं. धडकेत वीस जीचा (वजनाच्या वीसपट) झटका बसला तर हे पन्नास किलो टनभर जोरानं पुढं ढकलतात. म्हणजे मोठं वजन आणायचं, आणि त्याच वेळी ते अडवणारी भिंत काढायची, असा हा सल्ला आहे.

कायद्याचं एका दमात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बोल्टनं बसवलेली, काढता येणारी पेटी ही ॲक्सेसरी. कापलेला पत्रा ही ॲक्सेसरी नव्हे, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर पहिला तिथंच बोट ठेवतो. वूफर आणि ॲम्पची किंमत मात्र पॉलिसीत इलेक्ट्रॉनिक ॲक्सेसरी म्हणून वेगळी नोंदवून घ्या. थोडा प्रीमियम वाढतो, पण चोरी झाली तर उपयोग होतो.

आता पेटी. इथं जरा सावकाश जाऊ, कारण सगळा खेळ लिटरचा आहे आणि पेट्या विकणारे नेमकं तेच सांगत नाहीत.

तुमची पेटी बाहेरून १३७ लिटरची. १८ मिलिमीटरची भिंत सगळीकडून वजा केली की आतलं माप ८६.४ बाय ३६.४ बाय ३४.४, म्हणजे १०८ लिटर. लाकडातच २९ लिटर गेले. दोन वूफरची पाठ आणि मॅग्नेट मिळून सहा लिटर खातात. लांबट फटीसारखा खाचेचा पोर्ट साधारण चौदा लिटर. पोर्टची भिंत आणि आतले आधार पाच. उरतात त्र्याऐंशी. म्हणजे १३७ लिटरचं खोकं डिकीत घालून वूफरला मिळालं प्रत्येकी साडेएक्केचाळीस. बारा इंची पोर्टेडला साधारण ४५ ते ६० लिटर मागितलेले असतात, म्हणजे ही एवढी मोठी पेटीसुद्धा कमीच पडते. तुमच्या वूफरच्या कागदावर शिफारस केलेला आकडा असेल, तो बघा. तो आकडा पोर्ट आणि वूफरची जागा वजा केल्यानंतरचा असतो, हे दुकानात फारसं कुणी सांगत नाही.

म्हणून तयार पेटी परत करा किंवा विकून टाका, आणि दोन स्वतंत्र पेट्या करून घ्या. तीच पेटी मधोमध चिरल्यासारखी, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर रुंद. प्रत्येकीला आपला वूफर, आपला पोर्ट. आत जाताना एकेक करून जातात आणि आत गेल्यावर एकमेकींना टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टनं जोडायच्या. तुम्ही म्हणाल, मध्ये दोन भिंती आल्या की लिटर कमी होणार. होतात, साधारण साडेचार. पण खाचेच्या पोर्टऐवजी ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप वापरला तर तो एका पेटीत चारेक लिटरच घेतो, खाच तिच्या भिंतीसकट आठच्या पुढं घेते. बेरीज-वजाबाकी केली की प्रत्येक पेटीला त्रेचाळीसच्या आसपास मिळतात. उलट थोडा फायदाच.

३५ हर्ट्झला ट्यून करायचं, म्हणजे पोर्टचा जोर त्या सुरावर आणायचा, तर एवढ्या लिटरला हा पाइप ४० ते ४४ सेंटिमीटर लांब लागतो. आतली खोली ३६, म्हणजे सरळ बसत नाही. एक एल्बो लागेल, आणि पाइपचं आतलं तोंड समोरच्या भिंतीपासून निदान पाइपच्या व्यासाइतकं लांब ठेवायचं. लांबी मोजताना वाकणाच्या मध्यरेषेवरून मोजा. बाहेरचं तोंड कानसून गोल करा, नाहीतर जोरात वाजवताना फुसफुस येते. एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो, हा पाइप एका वूफरला तीन-साडेतीनशे वॉट आरएमएसपर्यंत (सतत चालणारी खरी ताकद) ठीक. त्याच्या वर जायचं असेल तर हवेचा आवाज येणारच, मग खाचेचाच पोर्ट करावा लागेल आणि पेटी वाढवावी लागेल.

सीलबंद पेटी केली तर हा सगळा पाइपांचा त्रास नाही. प्रत्येक वूफरला २८-३० लिटर पुरतात, पेट्या तिसऱ्या हिश्श्यानं लहान होतात, डिकीत दोन बॅगांची जागा राहते. आवाज खालच्या टोकाला थोडा कमी, पण घट्ट. ढोल-ताशा, हलगी, तबला ऐकणाऱ्याला मी सीलबंदच सुचवतो. गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी छातीवर आदळते तसं हवं असलं तरच पोर्टेड. इथले बहुतेक तरुण पोर्टेड मागतात आणि सहा महिन्यांनी डिकीत जागा नाही म्हणून तक्रार करतात.

आणखी एक मत, विचारलं नाही तरी. एकाच जातीचे दोन वूफर तेवढ्याच एकूण ताकदीवर चालवले तर एकाच्या तुलनेत फायदा ३ डेसिबलचा. कानाला तो फरक जाणवतो, पण दुप्पट वगैरे वाटत नाही. एकच बारा इंची, ५५ लिटरची नीट पोर्टेड पेटी, डिकीच्या एका बाजूला, हा सौदा घरच्या गाडीला मला जास्त पटतो. तुम्ही दोन घेऊन बसलाच आहात म्हणून पुढचं दोनाचं सांगतो.

लाकूड कापायच्या आधी पुठ्ठा कापा. फ्रिजचं मोठं खोकं लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत कुठल्याही दुकानाबाहेर मिळेल. दोन्ही पेट्यांचे पुठ्ठ्याचे साचे करून आत घालून बघा. तीन मापं लोक विसरतात. पहिलं, तोंडाच्या खालच्या ओठापासून मागच्या काचेखालच्या कडेपर्यंतचं तिरकं अंतर, कारण सेडानमध्ये पेटी अडते ती बहुतेक वेळा तिथंच, रुंदीत नाही. दुसरं, डिकीच्या झाकणाचे वाकडे बिजागर. झाकण बंद करताना ते खाली आत उतरतात. साचा आत ठेवून झाकण हळू बंद करा आणि पुठ्ठा कुठं चेपतो ते पाहा. तिसरं, चाकांच्या कमानी. जमिनीला रुंदी कमी आणि वर जास्त असते, म्हणून पेटीचा खालचा कोपरा तिरका कापला की चार-पाच लिटर फुकट मिळतात. ब्रोशरमधल्या ३७८ लिटरवर जाऊ नका, त्या आकड्यात कानेकोपरे सगळे धरलेले असतात.

लाकडाबाबत कोल्हापूर आणि पुणे यांत फरक करावा लागतो. एमडीएफ जड आणि एकसारखं असतं, म्हणून स्पीकरवाल्यांना आवडतं. पण पाणी लागलं की कडा फुगतात आणि स्क्रू सुटतात. आपल्याकडं चार महिने ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे बूट डिकीतच जातात. मी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय वापरतो. टिंबर मार्केटात ‘सातशे दहा’ म्हणून मागा. आयएस ७१० हा त्याचा मानक क्रमांक, पाटीवर छापलेला असतो, तो बघूनच घ्या. बजेट नसेल तर एमडीएफ चालेल, पण सगळ्या कडांना पाणी घालून पातळ केलेल्या फेविकॉलचे दोन हात आणि वर प्रायमर द्या. वूफर बसतो ती पुढची फळी दुहेरी, म्हणजे ३६ मिलिमीटर. सांधे गोंद लावून स्क्रूनं ओढायचे, आत सिलिकॉनचा धागा फिरवायचा आणि वूफर बसवायच्या आधी निदान चोवीस तास हवा लागू द्यायची. ओल्या सिलिकॉनची वाफ काही वूफरच्या गोंदाला आणि फोमला खराब करते.

पेटी नुसती ठेवू नका. वजन किती आहे ते वर सांगितलंच. उद्यमनगरात ५ मिलिमीटर पट्टीचे एल ब्रॅकेट अर्ध्या तासात वाकवून मिळतात, चार करून घ्या. गाडीत आधीच असलेले हुक आणि त्यांच्या बोल्टच्या जागा आधी वापरा. नवीन भोक पाडायची वेळ आली तर गाडी रॅम्पवर चढवून खालून हात घालून बघितल्याशिवाय ड्रिल चालवू नका. पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली आहे, ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप तिथूनच जातात. खालून मोठा वॉशर किंवा पट्टी, भोकाच्या कडेला प्रायमर, वर सिलिकॉन. सीटबेल्टच्या बोल्टला ब्रॅकेट अडकवायचं नाही आणि ॲम्पचं अर्थिंगही तिथं घ्यायचं नाही. हे काम करणारा म्हणाला की चालतंय, तरी नाही.

स्टेपनी राहू द्या. आंबा घाटात रात्री टायर फुटला तर बेस उपयोगी पडत नाही. पेट्यांचे ब्रॅकेट हातानं फिरणाऱ्या विंग नटचे करा आणि स्पीकरची वायर प्लगवर आणा, म्हणजे डावी पेटी दोन मिनिटांत बाहेर येते आणि जमिनीचा गालिचा उचलता येतो. स्टेपनीच्या खड्ड्यात ॲम्प लपवायची फॅशन आहे, दिसायला छान दिसतं. २०१९ च्या महापुरानंतर मी ते काम घेत नाही. पाणी पहिलं त्याच खड्ड्यात साचतं, आणि त्यासाठी पूर यायची गरज नाही, टेललाइटचं गॅस्केट कडक झालं तरी पुरतं. ॲम्प पेटीच्या पाठीवर किंवा सीटच्या पाठीमागे, सभोवती हवा खेळेल असा लावा.

आता बेस केबिनमध्ये कसा येणार, जो तुमच्या फॅब्रिकेटरचा मूळ मुद्दा होता. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे तुमच्या गाडीच्या दुपटीहून जास्त. असली लहर सीटच्या फोममधून आणि पार्सल ट्रेच्या भोकांमधून सहज जाते. अडते ती कमी, आणि वाया जाते ती डिकीचा पत्रा हलवण्यात. म्हणून पट्टी कापण्याऐवजी दोन कामं करा. पार्सल ट्रेमध्ये कंपनीनं स्पीकरसाठी पाडलेल्या जागा असतील तर त्यांतले जुने स्पीकर काढून नुसत्या जाळ्या ठेवा. आणि बोल्ट घट्ट करायच्या आधी पेट्या दोन्ही दिशांना फिरवून ऐका, एकदा तोंड सीटकडं, एकदा झाकणाकडं. बहुतेक सेडानमध्ये झाकणाकडं तोंड केलेली पेटी ड्रायव्हरच्या सीटवर जास्त भरीव वाजते, पण प्रत्येक गाडीत हे खरं ठरतंच असं नाही, म्हणून ऐकून ठरवा. पोर्टच्या तोंडापुढं निदान १५ सेंटिमीटर मोकळे ठेवा.

वायरिंगमध्ये कंजुषी करू नका. खोक्यावरचे १२०० वॉट ‘मॅक्स’ सोडून द्या, आरएमएस बघा. १००० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात ९० अँपिअरच्या आसपास खेचतो. छोट्या पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर सगळा मिळून शंभरच्या आतला असतो आणि त्यातूनच हेडलाइट, एसी, इंजिन चालतं. ६०० ते ७०० वॉट आरएमएस ही तुमच्या गाडीची शहाणी मर्यादा, आणि वर सांगितलेल्या पाइपचीही तीच. ४ गेजची पूर्ण तांब्याची वायर घ्या. स्वस्त वायर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, टोक खरवडलं की आत पांढरी दिसते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. तो ॲम्प वाचवायला नसतो, वायर पत्र्याला घासली तर गाडी जळू नये म्हणून असतो, त्यामुळे ॲम्पजवळ लावला तर निरुपयोगी. फायरवॉलमधून जाताना रबरी ग्रोमेट पाहिजेच. दरवाज्याखालच्या पट्टीत पिवळी कनेक्टर दिसली तर ती एअरबॅगची, त्यांच्याजवळ हात नको. पॉवर एका बाजूनं, आरसीए, म्हणजे स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी वायर, दुसऱ्या बाजूनं न्या. अर्थिंग डिकीतच, अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आणि बोल्ट आवळल्यावर वरून परत रंग.

वूफरच्या कॉइलचा ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तोही बघून घ्या. चार ओहमच्या दुहेरी कॉइलचे दोन वूफर असतील तर ते १ ओहमला किंवा ४ ओहमलाच जोडता येतात, २ ओहमला नाहीत. तुमचा ॲम्प २ ओहमचा असेल तर दुहेरी दोन ओहमवाले किंवा एकेरी चार ओहमवाले पाहिजेत. हे जुळत नसेल तर बिल असेपर्यंत बदलून आणा.

सगळं बसल्यावर पहिला आवाज बेसचा येत नाही, नंबर प्लेटचा येतो. तिच्यामागं फोमची पट्टी लावा. डिकीच्या झाकणाच्या आतल्या पत्र्यावर ब्यूटिल डॅम्पिंग शीट मारा, पण सगळं मढवायची गरज नाही. प्रत्येक मोकळ्या भागाच्या मधोमध, पाव ते एक तृतीयांश जागा झाकली तरी कंप मरतो. उरलेल्या पैशात पुढच्या दरवाज्यांचं डॅम्पिंग करा, पुढच्या स्पीकरचा आवाज त्यानं सुधारतो आणि वूफरवरचा भार कमी होतो.

सेटिंग: लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, बेस बूस्ट शून्य, आणि पोर्टेड पेटी असल्यामुळं सबसॉनिक फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) ३० च्या आसपास चालू ठेवायचाच. ट्यूनिंगच्या खाली गेलं की पेटी वूफरला धरत नाही, कोन सुटल्यासारखा हलतो आणि कॉइल आपटते. गेन हे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ तीन चतुर्थांशावर ठेवून, आवाज फाटायला लागला की थोडं मागं या आणि तिथं सोडा. नंतर एका वूफरची वायर उलटी करून ऐका, बेस एकदम पातळ झाला तर आधीची जोडणी बरोबर होती, परत तशीच करा.

मागं पन्नास किलो कायमचे आल्यावर हेडलाइटचा झोत वर उठतो. डॅशबोर्डवरची लेव्हलिंगची चकती एक-दोन घर खाली घ्या आणि मागच्या टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी दिली आहे तेवढी भरा. पहिल्या गगनबावडा फेरीनंतर ब्रॅकेटचे बोल्ट एकदा परत आवळून घ्या, आणि मोठ्यानं वाजवून झाल्यावर फ्यूजच्या होल्डरला हात लावून बघा. गरम लागला तर स्क्रू सैल आहे किंवा होल्डर कमी क्षमतेचा आहे.